एजंटला विमान दाखवणारी ओपनस्काय एपीआय

एआय एजंटच्या (स्वतः टूल वापरून काम करणाऱ्या एआय प्रोग्रामच्या) हाती विमानांची थेट स्थिती द्यायची असेल, तर ओपनस्काय नेटवर्कची (जमिनीवरच्या रिसीव्हरने विमानांचे सिग्नल टिपणाऱ्या जाळ्याची) एपीआय, म्हणजे प्रोग्रामने डेटा मागायची सोय, हा बिगर-व्यावसायिक कामासाठी चांगला, फुकट पर्याय. खात्याशिवाय रोज 400 क्रेडिट (डेटा मागायचा कोटा), 10 सेकंदांच्या अंतराने डेटा. खातं काढलं की 4000 आणि 5 सेकंद.

क्रेडिट क्षेत्रफळावर कापले जातात. 25 चौरस अंशांपर्यंत 1, सगळं जग मागितलं तर 4. म्हणून एजंट जे फंक्शन वापरून डेटा मागतो त्या टूलमध्ये अक्षांश-रेखांशांची चौकट सक्तीची करा. मुंबईसाठी 18.5 ते 19.7 आणि 72.2 ते 73.5 पुरेसं आहे.

खरी गंमत उत्तरात आहे. प्रत्येक विमान म्हणजे नावं नसलेली नुसती यादी, त्यात रेखांश आधी, अक्षांश नंतर. मॉडेल हमखास उलटं वाचतं. उंची मीटरमध्ये, वेग मीटर प्रतिसेकंद. नॉट हवे तर 1.944 ने गुणा. हे सगळं कोडमध्येच करून नावांसह द्या, मॉडेलवर सोडू नका. कॉलसाइनच्या (विमान प्रसारित करतं त्या ओळख-नावाच्या) शेवटी रिकाम्या जागा असतात, त्या छाटा. प्रवासी ‘6ई’ म्हणतो, पण इंडिगोचं विमान ‘आयजीओ’ने प्रसारण करतं, शिवाय पुढचे आकडे तिकिटावरचेच असतील असंही नाही.

खात्याने लॉगिन केल्यावर मिळणारं टोकन (तात्पुरती प्रवेश-किल्ली) 30 मिनिटांत संपतं. 429, म्हणजे ‘मागण्या जास्त झाल्या’ हा एरर कोड, आला तर किती सेकंद थांबायचं ते उत्तरासोबतच्या हेडरमध्ये असतं.

अरबी समुद्रावर विमान ‘गायब’ झालं तर घाबरायचं कारण नाही, जमिनीवरच्या रिसीव्हरची पोच तिथे संपते. एजंटला शेवटच्या संपर्काची वेळ सांगायला लावाच.