ऑटोलिस्प सोडून सी शार्प: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्या कमांडी दोन भाषांत लिहिता येतात: त्याचीच ऑटोलिस्प (थोडक्यात लिस्प), किंवा सी शार्प. सी शार्पचा कोड बिल्ड केला की डीएलएल ही प्लगिनची (जोड-प्रोग्रॅमची) फाइल मिळते. ऑटोकॅड २०२५ वर गेल्यावर माझी जुनी डीएलएल चालेना, म्हणून हे लिहितोय. सी शार्प डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेवर चालतं; २०२१ ते २०२४ या आवृत्त्या डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर होत्या, २०२५ डॉटनेट ८ वर आहे. प्लगिन नव्याने बिल्ड करावं लागतं आणि ते नवं बिल्ड २०२४ मध्ये चालत नाही. दोन्ही आवृत्त्या वापरात असतील तर एकाच प्रोजेक्टमधून दोन डीएलएल काढा. लिस्पच्या फाइली मात्र न बदलता चालल्या.

तरीही सी शार्पकडे वळलो ते टायटल ब्लॉकसाठी (ड्रॉइंगवरची नाव, नंबर वगैरे माहितीची चौकट). शंभर ड्रॉइंगमधला रिव्हिजन नंबर बदलायचा, तर एकही फाइल स्क्रीनवर न उघडता तिचा डेटाबेस (ड्रॉइंगमधला सगळा डेटा) मेमरीत वाचायचा, ब्लॉकमधला बदलता येणारा मजकूर म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट बदलायचं आणि सेव्ह करायचं. यात दोन खड्डे आहेत. सेंटर किंवा राइट जस्टिफाय केलेला मजकूर चौकटीबाहेर सरकतो, कारण अलाइनमेंटचा हिशोब वर्किंग डेटाबेसवरून, म्हणजे ऑटोकॅड त्या वेळी जो डेटाबेस चालू मानतं त्यावरून होतो. बदलाआधी वाचलेला डेटाबेस वर्किंग म्हणून लावा, अ‍ॅडजस्ट अलाइनमेंट चालवा आणि फायनली ब्लॉकमध्ये (एरर आली तरी चालणारा कोडचा भाग) मूळ डेटाबेस परत लावा. दुसरं म्हणजे फाइलचं प्रीव्ह्यू चित्र उडतं. त्यासाठी मूळ थंबनेल राखण्याची प्रॉपर्टी सेव्हच्या आधी ट्रू करा.

सिलेक्शन फिल्टर, म्हणजे ड्रॉइंगमधल्या हव्या त्याच वस्तू निवडणं, शिकायला वेळ लागत नाही. लिस्पच्या एसएसगेट या निवडीच्या फंक्शनमधले डीएक्सएफ कोडच (वस्तूच्या गुणांसाठी ठरलेले आकडे) इथे चालतात: ० म्हणजे प्रकार, ८ म्हणजे लेयर. ट्रान्झॅक्शनला, म्हणजे डेटाबेसमधले बदल एकत्र नोंदवणाऱ्या सोयीला, मात्र जपा. नवी रेषा मॉडेल स्पेसला (ड्रॉइंगच्या मुख्य जागेला) जोडली पण ट्रान्झॅक्शनला कळवली नाही, तर ऑटोकॅड त्याच क्षणी नाही, नंतर भलत्याच कमांडच्या वेळी कोसळू शकतं. मग चूक शोधण्यात दिवस जातो.

आता खरा राग. नेटलोड या कमांडने ऑटोकॅडमध्ये लोड केलेली डीएलएल अनलोड करता येत नाही. लिस्पमध्ये एक ओळ बदला, फाइल पुन्हा लोड करा, काम झालं. इथे एक कंस चुकला तरी ऑटोकॅड बंद, बिल्ड, ऑटोकॅड चालू, ड्रॉइंग उघडा, नेटलोड. ऑटोकॅड चालू ठेवून बिल्ड केलं तर फाइल लॉक असल्याची एरर येते. दिवसात तीस वेळा हे चक्र फिरलं की प्रत्येक दोन मिनिटं धरली तरी तासभर गेला. हॉट रीलोड (प्रोग्रॅम चालू असतानाच कोड बदलण्याची सोय) छोट्या बदलांना पुरतं, सगळ्याला नाही. पहिले तीन महिने माझं मत होतं की या एका कारणासाठी लिस्पच बरं.

ते मत कोअर कन्सोलने बदललं. हे ऑटोकॅडचंच छोटं रूप: त्याच्याच फोल्डरात असतं, खिडकी नसते, पटकन उघडतं. त्याला ड्रॉइंग आणि स्क्रिप्ट (कमांडींची यादी असलेली फाइल) द्या. स्क्रिप्टमध्ये नेटलोड, मग आपली कमांड. काम संपलं की प्रोसेस बंद होते, डीएलएलचा लॉक सुटतो. अट एकच: मूळ कोड एसीकोअरएमजीडी आणि एसीडीबीएमजीडी या ऑटोकॅडच्या दोन लायब्ररींवरच उभा हवा. एसीएमजीडीला म्हणजे यूआयच्या (खिडक्या, बटणं) लायब्ररीला हात लागला की कन्सोलमध्ये तो चालत नाही. म्हणून डायलॉग आणि पॅलेट वेगळ्या डीएलएलमध्ये ठेवा. ही फोड पहिल्या दिवशीच करावी, नंतर करताना फार उसवावं लागतं.

मराठी मजकुराचं सांगायचं तर २०२१ पासून लिस्पही युनिकोड हाताळतं, त्यामुळे गट नंबर, रस्त्यांची नावं यांसाठी भाषा बदलण्याची गरज उरलेली नाही. प्रश्नचिन्हं दिसली तर आधी फॉन्ट बघा: एसएचएक्स या ऑटोकॅडच्या स्वतःच्या फॉन्टऐवजी टेक्स्ट स्टाइलला मंगल हा देवनागरी फॉन्ट लावा.

पैशांकडे बघाल तर एलटीचा, म्हणजे ऑटोकॅडच्या स्वस्त, कमी सोयींच्या रूपाचा, विचार आधी करा. एलटी २०२४ पासून ऑटोलिस्प चालतं, डॉटनेट प्लगिन चालतच नाही. सगळ्या टेबलांवर फुल ऑटोकॅड घेणं परवडत नाही, म्हणून लेयर, डायमेन्शन, ब्लॉक मोजणं अशा रोजच्या कमांडी मी लिस्पमध्येच ठेवल्यात. शंभर फाइलींचं काम एका फुल लायसन्सच्या मशीनवर सी शार्पने संध्याकाळी लावून देतो.