दोन ट्यूब की तीन? लेक मिनेटोंकावर पाच महिने पॉन्टून चालवल्यावर

मेमध्ये घेतलेली पॉन्टून, म्हणजे पोकळ नळ्यांवर (ट्यूबवर) तरंगणारी सपाट बोट, आम्ही परवा, सप्टेंबरच्या शेवटी, अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या मिनेटोंका तलावातून बाहेर काढली. घेताना महिनाभर आमचं एकाच प्रश्नावर अडलं होतं: दोन ट्यूबची २० फुटी, ६० हॉर्सपॉवरची घ्यायची की तीन ट्यूबची २२ फुटी, १५० हॉर्सपॉवरची. किमतीत बराच फरक, शिवाय तीन ट्यूबची जड बोट ओढायला आमची गाडी पुरली नसती. आम्ही दोन ट्यूबची घेतली. दुसरी आमच्या मित्रांनी घेतली, त्यामुळे दोन्हींवर भरपूर बसणं झालं.

सासूबाई उन्हाळ्यात साताऱ्याहून तीन महिने आल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखरे. साध्या बोटीत वरून खाली पाय टाकून उतरावं लागतं आणि तोल जातो. पॉन्टूनचा तळ सपाट, जवळजवळ डॉकच्याच (बोट लावायच्या धक्क्याच्या) उंचीला. कडेचं दार उघडलं की उंबरठा ओलांडावा तशा त्या आत जायच्या. पहिल्या दिवशी हात धरला, दुसऱ्या आठवड्यापासून तोही नको म्हणाल्या. एवढ्या एका गोष्टीसाठी पॉन्टून घ्यावी असं मला वाटतं, आणि त्यात दोन-तीन ट्यूबचा काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो शनिवारी दुपारी. मिनेटोंका सुमारे १४,५०० एकरांचा तलाव, एकमेकांना जोडलेल्या कितीतरी बे (छोट्या खाड्या). सुट्टीच्या दिवशी मोठ्या बोटींच्या लाटा चारी बाजूंनी येतात. जुलैत आम्ही दहाजण होतो, त्यातले सहा पुढच्या सीटांवर. समोरून लाट आली आणि नवऱ्याने घाबरून थ्रॉटल (वेगाचा दांडा) एकदम मागे ओढला. तिथेच चुकलं. वेग अचानक गेला की बोटीचं नाक खाली बसतं, त्यात पुढे एवढं वजन. पाणी पुढच्या दाराखालून डेकवर आलं, सासूबाईंच्या पावलांवरून वाहत मागे गेलं, आणि चिवड्याचा डबा तरंगत माझ्या पायाशी आला. कुणाला काही झालं नाही, पण लेक खूप वेळ मला घट्ट धरून होती. बोटीवरच्या पाटीवर दहा माणसं लिहिली आहेत म्हणून दहाजण कुठेही बसून चालत नाही. आता वजन मागे ठेवतो, लाट दिसली की आधीच हळूहळू वेग कमी करतो आणि ती जरा तिरकी घेतो.

तशाच लाटांवर मित्रांची बोट फक्त जराशी उचलली जाते. मधल्या ट्यूबमुळे पुढचा भाग तरता राहतो. मुलांना टायरवर बसवून ओढायचं असेल तरीही तीच बरी, आमचं इंजिन माणसं भरली की दमतं.

आणखी एक: बोटीच्या जमिनीला कार्पेट घेऊ नका. आमच्याकडे आहे. पोह्यांची हळद आणि मोहरी मी जुन्या टूथब्रशने घासून काढली, तरी पिवळा डाग आहेच. मित्रांकडे विणलेलं व्हिनाइल (प्लास्टिकचं) आहे, पाणी मारलं की साफ.

मिनेसोटात बोट चालू असताना दहा वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं आहे, ते दुकानात मुलांना घालून बघूनच घ्या. आणि मिनेटोंकात २०१० पासून झेब्रा शिंपले (बोटींना चिकटून दुसऱ्या तलावांत पसरणारे परके शिंपले) आहेत, त्यामुळे बोट बाहेर काढल्यावर शेवाळ काढून सगळं पाणी निथळू द्यायचं.

लहान, शांत तलाव असेल तर दोन ट्यूब पुष्कळ झाल्या. मिनेटोंकासारख्या पाण्यावर दर शनिवार-रविवारी जाणार असाल तर एक वर्ष थांबा, पैसे साठवा आणि तीनची घ्या. आम्ही सध्या हीच ठेवतोय. शनिवारी सकाळी सातला निघायचं, पाणी आरशासारखं असतं, आणि अकराच्या आत डॉकला परत.