छत आमचे, पॅनेल त्यांचे: वीज खरेदी करारावर घेतलेल्या सौर सेवेचे परीक्षण

आमच्या शाळेच्या छतावर ६० किलोवॅट क्षमतेचा सौर प्रकल्प आहे. मात्र त्यातले एकही पॅनेल, एकही तार किंवा जिन्याखालच्या खोलीतला एकही इन्व्हर्टर (पॅनेलची वीज इमारतीत वापरण्याजोगी करणारे यंत्र) शाळेच्या मालकीचा नाही. एका खासगी कंपनीने तो स्वतःच्या खर्चाने उभारला, ती तो चालवते आणि त्यातून तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटचे पैसे आमच्याकडून करारात ठरलेल्या दराने घेते. हा वीज खरेदी करार २५ वर्षांचा असून त्यातली सहा वर्षे पूर्ण झाली आहेत. मी संस्थेच्या विश्वस्त मंडळावर असल्याने वाटाघाटींपासून महिन्याच्या बिलाच्या तपासणीपर्यंत सगळे काम माझ्याकडे राहिले, आणि त्याच अनुभवावर हे परीक्षण बेतलेले आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझ्या तक्रारी त्या कंपनीपेक्षा या व्यवहाराच्या घडणीबद्दल अधिक आहेत.

ही पद्धत फार जुनी नाही. जिगर शहा यांनी २००३ मध्ये अमेरिकेत सनएडिसन ही कंपनी स्थापन केली आणि सौर यंत्रणा विकण्याऐवजी तिची वीज दीर्घ मुदतीच्या कराराने विकण्याची रीत तिने व्यापारी इमारतींमध्ये रूढ केली. २००६ मध्ये निघालेली सोलारसिटी आणि २००७ मध्ये निघालेली सनरन या कंपन्यांनी तीच रीत घरांच्या छतांवर नेली. सौर यंत्रणेचा बहुतेक सगळा खर्च पहिल्याच दिवशी होतो आणि ऊन फुकट असल्यामुळे पुढे देखभालीपलीकडे फारसे काही उरत नाही, म्हणून ज्याच्याजवळ भांडवल आहे त्याने तो पहिला भार उचलावा आणि ज्याच्याजवळ छत आहे त्याने युनिटमागे पैसे द्यावेत, अशी ही वाटणी आहे. तिच्यात करांचाही मोठा हात आहे. अमेरिकेने सौर गुंतवणुकीवरील करसवलत २००६ मध्ये ३० टक्क्यांवर नेली, तेव्हापासून तिथे या व्यवसायाने जोर धरला, कारण ती सवलत मालकाला मिळते आणि मालक म्हणजे कंपनी. ज्या संस्थेला मुळात करच भरावा लागत नाही, तिला करसवलतीचा किंवा घसाऱ्याचा (यंत्रणेची दरवर्षी घटणारी किंमत करपात्र उत्पन्नातून वजा करण्याचा) काही उपयोग नसतो. तोच लाभ कर भरणाऱ्या कंपनीने घेतला आणि त्यातला काही भाग कमी दराच्या रूपाने आमच्याकडे वळवला, तर दोघांचेही भागते. आम्ही स्वतः यंत्रणा विकत न घेण्याचे खरे कारण हेच होते, पैशांची चणचण हे दुसरे.

सेवेतली सर्वांत चांगली गोष्ट आधी सांगतो. भाडेपट्ट्याने यंत्रणा घेतली, तर ती चालो वा न चालो, महिन्याचे भाडे ठरलेले असते. वीज खरेदी करारात तसे नसते: युनिट तयार झाले तरच कंपनीला पैसे मिळतात, त्यामुळे यंत्रणा बंद पडली तर तोटा पहिल्यांदा तिचाच होतो. दुसऱ्या वर्षी आमच्या तीन इन्व्हर्टरांपैकी एक बंद पडला, तेव्हा आमच्या लिपिकाच्या लक्षात येण्याआधीच कंपनीच्या दूरस्थ देखरेख कक्षातून फोन आला होता आणि चौथ्या दिवशी नवा इन्व्हर्टर बसला. सुटे भाग, मजुरी, सर्व काही त्यांच्याकडे; अपवाद फक्त पॅनेल धुण्याच्या पाण्याचा. पाण्याचा उल्लेख एवढ्यासाठी, की कमी उतारावर बसवलेल्या पॅनेलच्या खालच्या कडेला धूळ साचून राहते, ती पावसानेही पुरती निघत नाही, आणि महिन्यातून दोनदा धुण्यासाठी लागणारे पाणी कोणी द्यायचे हे करारात न लिहिल्यामुळे ते आपोआप आमच्या गळ्यात पडले.

चौथ्या वर्षी आमच्या कंपनीने बरेचसे करार एका गुंतवणूक निधीला विकले आणि देखभालीचे काम तिसऱ्याच ठेकेदाराकडे गेले. करार असा दुसऱ्याच्या नावे करण्याची मुभा कंपनीला होती. आमच्या संमतीची अट नव्हती, फक्त लेखी सूचना पुरेशी होती. त्यानंतर पुन्हा एक इन्व्हर्टर बंद पडला आणि या वेळी तो दुरुस्त व्हायला सात आठवडे लागले. ठेकेदाराला वर्षाची ठोक रक्कम मिळते, युनिटमागे नाही; म्हणजे ज्या हितसंबंधामुळे पहिल्या खेपेस चार दिवसांत काम झाले होते, तो मधल्या मध्ये तुटला होता. बुडालेल्या युनिटांच्या जागी आम्हाला वितरण कंपनीकडून महाग वीज घ्यावी लागली, म्हणून मी नुकसानभरपाई मागितली. उत्तर आले की, करारातली हमी वर्षाच्या अंदाजित निर्मितीच्या ९० टक्क्यांची आहे. हिशेब करून पाहिला, तर तीनपैकी एक इन्व्हर्टर सात आठवडे बंद राहिल्याने वर्षाच्या निर्मितीतली सुमारे साडेचार टक्केच वीज बुडते, आणि ती त्या दहा टक्क्यांच्या सवलतीत सहज जिरते. वार्षिक हमी ऐकायला भक्कम वाटते. पण इतक्या लांब खंडाबद्दलही तिच्याखाली एक पैसा मिळत नाही. आज मी करार केला असता, तर वार्षिक हमीच्या जोडीला दुरुस्तीची कमाल मुदत आणि ती ओलांडल्यावर दर दिवसामागे दंड, हे दोन्ही लिहून घेतले असते.

शाळेसाठी याहूनही अडचणीचे ठरले ते किमान उचलीचे कलम. यंत्रणा वीज देण्यास सज्ज असताना ग्राहकाने ती घेतली नाही, तर तेवढी वीज तयार झालीच असे मानून तिचे बिल लावण्याचा अधिकार कंपनीला असतो. याला मानीव निर्मिती म्हणतात. कंपनीच्या बाजूने पाहिले तर हे रास्तच आहे, कारण ग्राहकाने मुख्य स्विच बंद करून ठेवला म्हणून तिचे कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. परंतु शाळा साप्ताहिक सुट्टीला बंद असते, सणावारी बंद असते आणि लांबलचक उन्हाळी सुटीतही बंद असते, म्हणजे नेमके ऊन भरात असते तेव्हा वर्गांतले पंखे थांबलेले असतात. जादा वीज ग्रीडमध्ये, म्हणजे वितरण कंपनीच्या तारांच्या जाळ्यात, सोडून तिची वजावट मिळवण्याची, म्हणजे नेट मीटरिंगची, मंजुरी आम्हाला यंत्रणा सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी मिळाली. तोपर्यंत इन्व्हर्टर आपली निर्मिती आवरती घेत होते आणि जी वीज तयारही झाली नाही तिचे बिल आम्ही भरत होतो. रुग्णालयांसारख्या वर्षभर चालू असणाऱ्या इमारतींना हा प्रश्न क्वचितच पडेल. ज्या इमारतीचा वापर हंगामी आहे, तिने मात्र आपल्या मागच्या दोन वर्षांची बिले महिनावार मांडून, सर्वांत रिकाम्या महिन्याच्या दुपारी किती वीज लागते ते पाहूनच क्षमता ठरवावी. आम्ही छतावर मावतील तेवढी पॅनेल बसवू दिली, ही चूक पूर्णपणे आमची.

दराबद्दल आम्ही सावध राहिलो, त्याचे समाधान आहे. आमच्यापुढे दोन पर्याय होते: २५ वर्षे एकच दर, किंवा त्याहून कमी दराने सुरुवात करून दरवर्षी ३ टक्के वाढ. दुसऱ्या पर्यायाचा तक्ता विक्री प्रतिनिधीने मोठ्या हौसेने दाखवला आणि त्यात बचतीचा आलेख सतत वर चढत होता, कारण वितरण कंपनीचा दर त्याहूनही वेगाने वाढत राहील असे त्याने गृहीत धरले होते. दरवर्षी ३ टक्के म्हणजे किती, तर पंचविसाव्या वर्षीचा दर पहिल्या वर्षाच्या दुपटीला पोहोचतो. समजा, सुरुवातीचा दर वितरण कंपनीच्या दरापेक्षा २० टक्के कमी आहे आणि वितरण कंपनीचा दर वर्षाला एकच टक्का वाढला. मग तेराव्या वर्षी सौर वीजच महाग पडू लागते आणि करारातून बाहेर पडण्याचा मार्ग नसतो. वितरण कंपनीचे दर पुढे काय होतील हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, म्हणूनच आम्ही स्थिर दर घेतला. पहिली काही वर्षे बचत कमी दिसली, तेव्हा विश्वस्तांपैकी एक-दोघांनी नाक मुरडले होते, हेही नमूद करतो.

छताची बाब थोडक्यात. पॅनेलचे सांगाडे आमच्याकडे स्लॅबला भोके न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनावर उभे आहेत, त्यामुळे गळती झाली नाही. पण स्लॅबला ते वजन पेलते का, याचा दाखला संरचना अभियंत्याकडून आधी घ्यावा. जलरोधक थर जुना असेल तर तो पॅनेल बसण्यापूर्वीच नवा करून घ्यावा. आम्ही तो लांबणीवर टाकला आणि पाचव्या वर्षी एका कोपऱ्यातली पॅनेल उतरवावी लागली. करारानुसार असे उतरवणे एकदाच आणि पंधरा दिवसांपुरतेच विनामूल्य होते, पुढच्या दिवसांसाठी पुन्हा मानीव निर्मिती.

एका गैरसमजाबद्दल पालकांनाही वारंवार सांगावे लागते: वीज गेली की ही यंत्रणाही बंद होते. ग्रीडवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या दिशेने येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून ग्रीडपासून वेगळा होऊन बंद होतो. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी आणि त्यासाठी योग्य इन्व्हर्टर लागतो आणि तो अशा करारात सहसा नसतो.

या सेवेचे कायदेशीर स्थान सर्वत्र सारखे नाही, याचीही जाणीव ठेवावी. दुसऱ्याच्या छतावर वीज तयार करून त्यालाच विकणारी कंपनी ही वितरण कंपनी ठरते का, या प्रश्नावर अमेरिकेतल्या दोन राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांनी उलटसुलट निकाल दिले आहेत. आयोवात डब्यूक शहराच्या एका इमारतीबाबतचा असा करार २०१४ मध्ये वैध ठरला. नॉर्थ कॅरोलिनात ग्रीन्सबरो येथील एका चर्चच्या छतावरून केलेली वीजविक्री २०१८ मध्ये अवैध ठरली. चर्चची पॅनेल आणि नगरपालिकेची पॅनेल यांत तांत्रिक फरक काहीच नव्हता. करारावर सही करण्यापूर्वी आपल्याकडच्या वीज नियामकाचे नियम वाचून घेण्याला पर्याय नाही.

पंचवीस वर्षांच्या करारात समोरचा पक्ष तितकी वर्षे टिकेल का, ही शंका अगदीच निराधार नाही. सनएडिसन २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली, सनपॉवर २०२४ मध्ये आणि सनोव्हा २०२५ मध्ये. अशा वेळी पॅनेल वीज देत राहतात आणि करार मालमत्ता म्हणून दुसऱ्या कोणाकडे जातो, त्यामुळे बिले थांबत नाहीत. ढिली पडते ती देखभाल. म्हणून कंपनी ठराविक दिवसांत दुरुस्ती करू शकली नाही, तर ग्राहकाने ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च बिलातून वळता करावा, असे कलम असणे हिताचे. आमच्या करारात ते नाही.

सध्या आमचा विचार यंत्रणा विकत घेण्याचा आहे, कारण सातव्या वर्षापासून तसा पर्याय खुला होतो. करारात ‘रास्त बाजारमूल्य’ एवढेच शब्द आहेत. ते कोणी आणि कसे ठरवायचे, याविषयी तो मौन पाळतो. नव्या मालकाने कळवलेली किंमत उरलेल्या अठरा-एकोणीस वर्षांत आमच्याकडून मिळणाऱ्या बिलांच्या आजच्या मूल्यावर काढली आहे. आमचे म्हणणे असे, की जुन्या पॅनेलची किंमत तितक्याच क्षमतेची नवी पॅनेल आज कितीला मिळतात यावरून ठरावी, इन्व्हर्टरचे आयुष्य साधारण १० ते १५ वर्षांचे असल्याने ते लवकरच बदलावे लागतील हे त्यातून वजा व्हावे, आणि शेवटी पॅनेलची विल्हेवाट लावण्याचा खर्चही धरला जावा, कारण मालकीबरोबर ते भंगारही आमच्याकडे येणार आहे. दोन्ही आकड्यांत दुपटीहून अधिक अंतर आहे. दोघांना मान्य असा मूल्यमापक नेमण्याबद्दल आम्ही पत्र पाठवले आहे. उत्तर येईपर्यंत दर महिन्याचे बिल पूर्वीसारखेच भरले जात आहे.