गिटारसाठी कोआ लाकडाचा सेट: १४ महिन्यांचा अनुभव (आणि मधेच आलेला ऐनाचा खांब)

आधीच सांगतो, मी काही प्रोफेशनल गिटार बनवणारा नाही. पुण्यात आयटीत नोकरी, शनिवार-रविवार बाल्कनीत भुसा पाडतो, बायको वैतागते, एवढंच. पहिल्या दोन गिटारी साध्या शिसवीच्या केल्या आणि मग डोक्यात किडा शिरला की आता बघणारा बघतच राहील असं लाकूड पाहिजे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत परदेशी लाकूडवाल्यांच्या साइट चाळायच्या, कर्ली (आडव्या लाटांच्या पट्ट्यांचा) कोआ, क्विल्टेड (गोधडीसारख्या फुगवट्यांचं) मेपल, स्पॉल्टेड (बुरशीने काळ्या रेघा पडलेलं) काय काय, आणि झोपताना ठरवायचं की उद्या बंद. दुसऱ्या दिवशी परत तेच.

शेवटी कोआ घेतला. कोआ फक्त हवाई बेटांवर नैसर्गिक उगवतो, बाभळीच्याच कुळातला. चांगला कर्ली कोआ हातात धरून जरा कलता केला की पट्टे जागा बदलतात, मघाशी गडद होता तो पट्टा आता सोनेरी. धूपछाव पैठणीचा पदर हलवल्यावर होतं ना, सेम तसं. आत लाकडाच्या तंतूंच्या रेषा सरळ न जाता नागमोडी जातात म्हणून कुठे रेषेची कड दिसते, कुठे तोंड, आणि प्रकाश दोन्हीवर वेगळा पडतो. बाकी जादू वगैरे काही नाही.

बॅक आणि साइडचा सेट (गिटारच्या पाठीच्या दोन आणि बाजूच्या दोन पातळ फळ्या) साधारण ३८ हजारांना पडला, पार्सल आणि ड्युटी धरून पन्नासच्या वर. विकणाऱ्याने फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (लाकडात कीड-रोग नाही असा सरकारी दाखला) नीट लावलं नव्हतं त्यामुळे पार्सल २३ दिवस अडकून पडलं, ते किती फोन केले आणि कोणाकोणाला 'साहेब साहेब' केलं ते सोडा. लाकूड मागवणार असाल तर हा कागद निघालाय का ते पैसे भरायच्या आधी विचारा. कोआ CITES च्या (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावर बंधनं घालणारा आंतरराष्ट्रीय करार) यादीत नाही हे त्यातल्या त्यात बरं. रोजवुडवाल्यांची (रोजवुड म्हणजे शिसवीचं कुळ) यापेक्षा वाईट परेड झालेली आहे, ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून जवळजवळ बंदच, मग २०१७ च्या जानेवारीत आपल्या शिसवीसकट अख्खं कुळ यादीत गेलं, तयार वाद्यांना सूट मिळायला २०१९ चा नोव्हेंबर उजाडला.

आता फोटोबद्दल. सेट उघडला आणि पहिल्या मिनिटाला वाटलं फसलो. फोटोत जे पेटलेलं दिसत होतं ते हातात एकदम पिठूळ, भुरकट. नंतर कळलं की फोटो काढताना फळीवर स्पिरिट मारतात आणि लाइट बाजूने पाडतात. मी पण स्पिरिटचा बोळा फिरवला, आणि पाच सेकंद ते सगळं परत आलं, मग उडून गेलं. तेव्हा कोरड्या फळीचा फोटो मागा, फळी हलवत काढलेला व्हिडिओ मागा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फळीच्या टोकाचा फोटो मागा. टोकाला वर्षांच्या रेघा उभ्या दिसल्या तर फळी क्वार्टर कापलेली, ती ऋतूंप्रमाणे कमी हलते, म्हणजे कमी फुगते-आकसते. कर्लचे पट्टे क्वार्टरमध्येच छान दिसतात, पण क्विल्ट मात्र आडव्या कापातच उठून दिसतं, म्हणजे क्विल्टेड घेतलं की हलणारी फळी पदरात घेतलीच समजा. माझ्या सेटवर दर्जा म्हणून तीन ए (AAA) लिहिलेले. कोणाचे तीन, कोणाचे पाच, प्रत्येक दुकानदाराचं माप स्वतःचं, त्याला काही अर्थ नाही.

सेट आला मेमध्ये, डोक्यावर पावसाळा. लगेच कापायला घेतला असता तर वाटच लागली असती. चारही फळ्या मधे पट्ट्या घालून कपाटावर ठेवल्या आणि दर पंधरा दिवसांनी किचनच्या काट्यावर वजन करून पेन्सिलने फळीवरच लिहीत गेलो. बॅकची डावी फळी ऑगस्टमध्ये २९३ ग्रॅम, दिवाळीनंतर २८६, डिसेंबर उलटताना २८३, आणि मग दोन वेळा २८३ च. वजन घटायचं थांबलं म्हणजे लाकूड सुकलं, तेव्हा हात लावला. (कणकेसाठी काटा सापडत नाही म्हणून घरात झालेली भांडणं वेगळी.)

काम करताना या लाकडाने रडवलं. रंधा एका दिशेने मारला की अर्ध्या पट्ट्यांवर गुळगुळीत आणि अर्ध्या पट्ट्यांवर टवके, उलटा मारला की उरलेल्या अर्ध्यांवर टवके. सोसायटीत फर्निचरचं काम करणारे एक मिस्त्री आहेत, साठीच्या पुढचे, ते बघून म्हणाले, "रंधा लावूच नकोस बाबा, काचेने खरवड." फुटक्या काचेची धार, खरंच. मी स्क्रेपर (खरवडायची पोलादी पट्टी) वापरला पण तत्त्व तेच. साइड वाकवताना तर गिटारच्या कंबरेच्या वळणावर टक्क आवाज आला आणि नखाएवढी चिपळी वर उठली. पट्टा असतो तिथे रेषा पृष्ठभागावर येऊन तुटलेल्या असतात, ताण आला की तिथेच उकलणार. मग दुसरी साइड १.९ मिलीमीटरपर्यंत उतरवली, ओला ब्राउन पेपर आणि फॉइल गुंडाळली, मागून स्टीलची पट्टी लावली आणि अगदी हळू वाकवली. वाचली. पहिलीचं सुपरग्लूने भागलं, सांगितल्याशिवाय दिसत नाही, पण मला दिसतं.

पॉलिश चपडा लाखेचं, हाताने. तिसऱ्या-चौथ्या कोटला ते स्पिरिटवालं रूप कायमचं आलं तेव्हा मी खुर्चीवर बसून दहा मिनिटं नुसता बघत होतो. त्या दहा मिनिटांत ५० हजार वसूल झाले असं मी घरी सांगितलं, कोणाला पटलं नाही.

तारा चढवल्या त्याला आता १४ महिने. आवाज चांगला आहे, पण कोआमुळे चांगला आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही. इंग्लंडात लँकॅस्टर युनिव्हर्सिटीच्या लोकांनी सहा गिटारी सगळं सारखं ठेवून फक्त बॅक-साइडचं लाकूड बदलून बनवून घेतल्या आणि ५२ वादकांना अंधाऱ्या खोलीत वेल्डिंगचे गॉगल घालून वाजवायला दिल्या, २०१८ ला छापून आलं ते, महागडी ब्राझिलियन रोजवुड आणि स्वस्त सपेली (आफ्रिकेतलं एक लाकूड) यांना मार्क जवळपास सारखेच पडले. माझंही मत तेच झालंय, आवाज टॉप (समोरची फळी) आणि ब्रेसिंगमध्ये (तिच्या आतून लावलेल्या आधारपट्ट्या) आहे, कर्ल डोळ्यांसाठी आहे आणि डोळ्यांसाठी पैसे घालवण्यात मला काही गैर वाटत नाही.

पण गेल्या पावसाळ्यात जे झालं ते लिहायलाच पाहिजे. जुलैत टॉपचं पोट फुगलं, बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची २.५ वरून ३.२ मिलीमीटर झाली, ते सगळ्याच गिटारींचं होतं. बॅकचं वेगळंच. ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तर पॉलिशवर लाटा, पत्र्याच्या छपरासारख्या बारीक, डोळे मिटून तळवा फिरवला तरी लागतात. पट्ट्यापट्ट्याला लाकूड कमीजास्त फुगतं. नोव्हेंबरात बऱ्याच बसल्या, पूर्ण नाही.

आता ऐन. मामाचं कोकणातलं घर पाडलं तेव्हा पडवीचे खांब कोणी नेईना, मी एक गाडीत घालून आणला, खरं तर बाल्कनीत बाक करायला. ऐन म्हणजे तेच, मगरीच्या पाठीसारख्या सालीचं झाड, कोकणात त्याला कोणी विचारत नाही. सॉ मिलवर नेला, आत एक खिळा राहिला होता, पातं गेलं, मिलवाल्याने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही आणि पात्याचे पैसे मीच दिले. पण आतून पहिली फळी निघाली आणि मिलवालाच गप्प झाला. चॉकलेटी, काळ्या रेघा, आणि आरपार कर्ल. परदेशात इंडियन लॉरेल नावाने याचंच व्हिनियर (पातळ पापुद्रे) महागात विकतात हे मला नंतर कळलं, आणि मी पन्नास हजार घालून हवाईहून आणत होतो!

खांब साडेपाच इंची, त्यामुळे दोन तुकड्यांत बॅक होईना, तीन तुकड्यांची केली. वजनाला जड आहे, मांडीवर जाणवते. वाकवायला कोआपेक्षा हट्टी. पण इतकी वर्षं पडवीत पावसाळे खाल्लेलं लाकूड, ते आता फार हलणार नाही असं मी धरून चाललो. गेल्या जूनमध्ये तारा चढवल्या, पावसाळा काढला, लाटा जवळजवळ नाहीत. खिळ्याभोवती लोखंडाने काळानिळा डाग पडलाय, लाकडातलं टॅनिन आणि लोखंड मिळून होतो तसा. तो मी मुद्दाम बॅकच्या मधल्या तुकड्यात घेतला. मामा आले होते तेव्हा त्यांनी त्या डागावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही कंदिलाची खुंटी होती."

कोणाला कोआच घ्यायचा असेल तर घ्या, मी परत घेईन का विचाराल तर हो, घेईन, फक्त ऑक्टोबरात मागवीन आणि आधी टोकाचा फोटो मागीन. खांबाच्या उरलेल्या दोन फळ्या सध्या कपाटावर आहेत. काल वजन केलं, ४१२ ग्रॅम, महिनाभर तेवढंच.