स्टेथोस्कोप की सोनोग्राफी: हार्ट फेल्युअरच्या फॉलोअपला काय बघायचं?

हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदय रक्त नीट पंप करत नाही असा, पेशंट घरी गेला की खरी काळजी सुरू होते, कारण फुफ्फुसात पाणी हळूहळू साठतं आणि दम लागेपर्यंत कळत नाही. नेहमीची पद्धत म्हणजे वजन, पायाची सूज आणि स्टेथोस्कोप. स्वस्त आहे, रोज वजन तर घरीच करता येतं, ते सोडायचं नाहीच. पण छाती ऐकायला क्लिअर असली तरी आत पाणी असू शकतं, आणि इथेच मला लंग सोनोग्राफी सरस वाटते. सोनोग्राफीचा हातात धरायचा प्रोब छातीवर ठेवला की, आत पाणी असेल तर स्क्रीनवर वरून खालपर्यंत जाणाऱ्या पांढऱ्या उभ्या रेषा दिसतात, त्या बी-लाईन्स, एका जागी ३ किंवा जास्त असल्या की पाणी साठल्याचा संशय घ्यायचा आणि जास्तीचं पाणी बाहेर काढणाऱ्या लघवीच्या गोळीचा डोस बघायचा. रेडिएशन नाही, काही मिनिटांचं काम.

२०१९ मध्ये स्पेनमधल्या १२३ पेशंट्सच्या ट्रायलमध्ये सोनोग्राफी बघून उपचार केलेल्यांना तातडीने दवाखाना गाठायची वेळ कमी आली, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत, हेही सांगायलाच हवं. आणि हो, न्यूमोनिया किंवा फायब्रोसिसमध्येही (फुफ्फुसं कडक होतात तो आजार) बी-लाईन्स दिसतात, त्यामुळे नुसती रेष बघून गोळी वाढवू नका, पेशंटला आधी नीट तपासा.