रेल्वेच्या तक्रारी आणि क्लेमचे अर्ज लिहून देणारं शिवाजीनगर कोर्टाजवळचं दुकान

पुण्यात शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास टायपिंग-झेरॉक्सवाले भरपूर आहेत, भाडेकरार, अॅफिडेव्हिट, नावात बदल, सगळं करून देतात, पण रेल्वेचा अर्ज म्हटलं की बहुतेक जण एकच जुना नमुना काढतात, नाव-तारीख बदलतात आणि प्रिंट हातात देतात. हे दुकान तसं नाहीये म्हणून मुद्दाम लिहितेय. चालवणारे काका रेल्वेच्या कमर्शियल खात्यातून रिटायर झालेत. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि प्रिंटर, बस.

आधी ते सगळं ऐकून घेतात आणि मग कोरा कागद पुढे सरकवतात, "ताई, तुम्हाला काय मिळायला हवंय ते एका ओळीत लिहा." बघा ना, आपण संतापात चार पानं भरतो, बाथरूम घाण, पाणी नाही, टीसी उद्धट बोलला, आणि शेवटी काय तर 'योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती'. मग उत्तरही तसंच येतं, संबंधितांना सूचना दिल्या आहेत, तक्रार क्लोज. काकांचं म्हणणं, पैसे हवे असतील तर आकडा टाका, कुठल्या नियमाखाली मागताय ते टाका, आणि पुरावा कुठल्या पानावर जोडलाय तेही टाका.

माझं काम साधं होतं. उन्हाळ्यात थ्री एसीचा एसी अर्ध्या रस्त्यात बंद पडला, रेल्वेच्या 139 हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलेली, टीसीकडून लेखी घेतलेलं. स्टेशनवरून घरी बॅग टाकली आणि लगेच दुकानात गेले, कारण एसी बंद पडला तर गाडी पोचल्यापासून 20 तासांत टीडीआर, म्हणजे ई-तिकिटाच्या रिफंडसाठीचा ऑनलाइन अर्ज, टाकावा लागतो. परत मिळतो तो थ्री एसी आणि स्लीपरच्या भाड्यातला फरक, तोही एसी बंद होता तेवढ्याच अंतराचा. म्हणजे रक्कम मोठी नव्हे, पण आली.

काकांनी भिंतीवर हाताने लिहिलेला कागद चिकटवलाय, त्यावर फक्त मुदती आहेत. गाडी 3 तासांपेक्षा जास्त लेट आणि जायचं नसेल तर ई-तिकिटाचा टीडीआर गाडी सुटायच्या आत. एसी बंद, 20 तास. अपघाताचा क्लेम, 1 वर्ष. ग्राहक आयोग, 2 वर्षं. लोक रांगेत उभं राहून त्याचा फोटो काढतात. खरंतर हा कागद प्रत्येक प्लॅटफॉर्मवर लागायला हवा, कारण हक्क असूनही माणसं अडकतात ती मुदतीतच.

आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा चालत्या गाडीतून पडून गेला. तिकीट सापडलं नाही, आणि तिकीट नाही म्हणजे काहीच मिळणार नाही असं कुणीतरी त्यांना सांगून टाकलेलं, त्या बिचाऱ्या गप्पच बसल्या होत्या. मी त्यांना घेऊन गेले. काकांनी शांतपणे समजावलं की 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने रीना देवी खटल्यात स्पष्ट केलंय, अंगावर तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून क्लेम जात नाही, तो तिकीट काढून प्रवास करत होता असं आधी अॅफिडेव्हिटवर सांगायचं, मग ते खोडून काढायची जबाबदारी रेल्वेवर. मृत्यूची भरपाई 2017 पासून 8 लाख आहे, आधी 4 होती. मुलगा अविवाहित होता म्हणून आई अर्ज करू शकते. रेल्वे पोलिसांचा पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, त्याच्या मित्राचा जबाब, एकेक कागद लावून घेतला आणि प्रत्येक ओळ मावशींना मराठीत वाचून दाखवली, मगच अंगठा. असे क्लेम जिथे चालतात त्या रेल्वे दावा न्यायाधिकरणाचं खंडपीठ पुण्यात नाही, मुंबईला जावं लागतं, आणि रोजावर जगणाऱ्या बाईला एकेक तारीख म्हणजे एक दिवसाचा पगार आणि वर गाडीभाडं. पुण्याएवढ्या शहरासाठी हे चुकीचंच आहे. केस अजून चालू आहे.

अजून एक आवडलं, होणार नाही ते तोंडावर सांगतात. माझ्यासमोर एकजण आले, गाडीत पाकीट मारलं, भरपाई मागायचीये म्हणून. काका म्हणाले, 2023 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल तुमच्या विरुद्ध जातो, स्वतःजवळच्या सामानाची चोरी ही रेल्वेच्या सेवेतली त्रुटी धरली नाही, पोलिसांत तक्रार द्या, माझ्यावर पैसे घालवू नका. एक रुपया घेतला नाही. उलट गाडी लेट झाल्याने नुकसान झालं असेल तर 2021 चा निकाल जोडतात, त्यात जम्मूला गाडी 4 तास उशिरा पोचली, श्रीनगरचं विमान चुकलं आणि उशिराचं कारण रेल्वेला पटवून देता आलं नाही म्हणून भरपाई कायम राहिली.

लोणावळा लोकलच्या दुपारच्या फेऱ्यांसाठी सह्यांचं निवेदनही इथे करून मिळालं, प्रत्येक सहीपुढे स्टेशन आणि पास नंबरचा रकाना होता. लोकसभेत याचिका खासदारामार्फत द्यायची तर त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते हेही त्यांनीच सांगितलं.

कमी काय? वेळ खूप जातो, संध्याकाळी गेलात तर नंबर लागेलच असं नाही. फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर अर्ज करून देत नाहीत, माणूस समोर लागतो, म्हाताऱ्यांना हे जड जातं. न्यायाधिकरणात उभे राहत नाहीत, त्यासाठी वकील वेगळा. दर पानावर आहे, आधी सांगतात आणि तेवढाच घेतात.

जाताना तिकिटाची प्रिंट, 139 चा तक्रार नंबर, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स न्या. फोटो असतील तर मोबाईलमधून डिलीट करू नका, वेळ दिसणारा स्क्रीनशॉटही ते जोडायला लावतात. आणि पोच घेताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का मारून घ्या.