स्नफल मॅट की क्लिकर? पावसाळ्यात घरात अडकलेल्या कुत्र्यासाठी

आमची लॅब्राडॉर, दीड वर्षाची, पाऊस लागला की घरात चपला फाडायला सुरुवात, त्यामुळे दोन्ही करून बघितलंय. स्नफल मॅट म्हणजे कापडाच्या पट्ट्यांची चटई, त्यात रोजचंच किबल (कुत्र्याचं कोरडं दाणेदार खाणं) लपवायचं आणि तिने नाकाने हुंगत शोधायचं. विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, जुना टॉवेल गुंडाळला तरी चालतो (फक्त लक्ष ठेवा, आमच्या बाईसाहेबांनी एकदा टॉवेलच खायला घेतला होता). वाटीत जे दोन मिनिटांत संपतं त्याला इथे पंधरा मिनिटं लागतात, नंतर मस्त झोप, आणि तुम्हाला तोवर चहा पिता येतो.

क्लिकर म्हणजे दाबला की क्लिक आवाज करणारी हातातली छोटी डबी. त्याचं मॅटसारखं नाही, त्यात तुम्हालाच बसावं लागतं. आधी नुसतं क्लिक-खाऊ, क्लिक-खाऊ, म्हणजे आवाज झाला की खाऊ येणार हे डोक्यात बसतं, मग ती खाली बसली की त्याच क्षणी क्लिक आणि लगेच खाऊ. क्लिक उशिरा झाला तर ती उठली त्याचंच बक्षीस मिळतं, माझं पहिले चार दिवस हेच चाललं होतं. खाऊ वाटाण्याएवढाच द्या, उकडलेलं चिकन, गाजर वगैरे, पण मनुका-द्राक्षं अजिबात नाही, विषारी असतात, आणि दिवसाच्या कॅलरीत ट्रीट्स दहा टक्क्यांच्या वर नको.

पाहुण्यांवर उड्या मारणं मॅटने सुटत नाही, तिथे क्लिकरच. पण रोज एकच जमणार असेल तर मी टॉवेल घेईन.